कुलगृह, देऊळ कीं कूड ?

वर्धा जिल्ह्यांतील सेवाग्राम येथें एका संग्राहक स्नेह्यांच्या घरीं गेल्या हिंवाळ्यांत आम्हांस एक लांकडी पाटी पाहावयास मिळाली. लांबी सुमारें अडीच हात, जमीन तांबडी, अक्षरें कोरून त्यांत सोनेरी रंग भरलेला. रंग बराच उडालेला. हे गृहस्थ मुख्यतः मोडी कागद व पोथ्यांचीं जुनीं वेष्टनें जमवितात. चिनी लिपीशीं त्यांचा संबंध नाहीं. पाटी त्यांस मुंबईच्या जुन्या बाजारांत मिळाली, व विकणारानें जें सांगितलें तेंच त्यांनीं चिठ्ठीवर लिहून खालीं चिकटविलें होतें : 'मुंबईच्या चिनी कुलगृहांतील देवतेची पाटी.' या एका ओळींत तीन विधानें आहेत. वस्तु मुंबईची आहे, ती कुलगृहांतील आहे, व ती देवतेची आहे. तिन्हींची चिकित्सा करावी या हेतूनें पाटीचा कागदी ठसा व तिचें छायाचित्र घेऊन आम्ही माझगांवास गेलों. तेथें जें दिसलें व त्यावरून जें सुचलें तें पुढें देत आहों.

सेवाग्रामास बसून चीनची चौकशी करणें कोणास विक्षिप्तपणाचें वाटेल. परंतु या गांवास पूर्वेकडील देशांचा वारा अगदींच लागला नाहीं असें नव्हे. याचें मूळ नांव शेगांव. गांधीजी १९३६ सालीं येथें राहावयास आले व १९४० सालीं गांवाचें नांव सेवाग्राम झालें. आश्रमाच्या प्रार्थनेचा आरंभ एका जपानी भिक्षूनें आणलेल्या, सद्धर्मपुंडरीक ग्रंथास वंदन करणाऱ्या मंत्रानें होतो. ग्रंथ मूळचा संस्कृत. त्याचें नांव चिनी भाषांतराच्या वाटेनें जपानांत गेलें आणि तेथून फिरून देवनागरींत आलें. या फेऱ्यांत शब्दाचें रूप इतकें पालटलें कीं, मूळ नांव ठाऊक असणारासही तें सांगितल्याखेरीज ओळखत नाहीं. जपान युद्धांत उतरल्यावर तो भिक्षु शत्रुराष्ट्राचा म्हणून येथून नेला गेला, मंत्र राहिला. बौद्ध वाङ्मयाचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांनीं ४ जून १९४७ रोजीं देह ठेविला तोही याच ठिकाणीं. ते मूळचे गोव्यांतील. गोव्याचें काम आम्हांस पुढें पडणारच आहे.

सेवाग्रामची आणखी एक गोष्ट या विषयास लागू आहे. बापूकुटींत पाहुण्यांस साप पकडावयाचा चिमटा दाखवितात. साप मारावयाचा नाहीं, धरून दूर सोडावयाचा, असा तेथील नियम होता हें त्या चिमट्यावरून समजतें. पण हा चिमटा कुटींतून काढून एखाद्या संग्रहांत ठेवला, तर तो साधा चिमटा होईल, व पुढील पिढींतला एखादा चतुर माणूस त्यास चुलीजवळचें उपकरण ठरवील. वस्तु आपला अर्थ बहुधा आपल्या जागेपासून घेते. आमच्या स्नेह्यांची पाटी जागेवरून सुटली आहे, आणि चिठ्ठीवरील ओळ ही त्या सुटलेल्या अर्थाच्या जागीं कोणी तरी बसविलेली कल्पना आहे.

माझगांवांत डॉकयार्ड रोड स्टेशनापासून जवळ, नवाब टँक रोडवर, चिनी लोकांचें जें घर आहे त्यास 'सी यप कून' म्हणतात. स्थापना १९१९ सालची. बाहेरून तें शेजारच्या घरांहून फारसें निराळें दिसत नाहीं. तांबडा रंग आणि दारावरचीं अक्षरें यांवरूनच ओळखावें लागतें. वरच्या मजल्यावर क्वान कुंग या देवतेचें स्थान आहे. उदबत्त्यांच्या धुरानें काळवंडलेल्या लांकडावर सोनेरी अक्षरांच्या पाट्या आहेत. वर्णनें लिहिणारे लोक येथवर येतात, 'मुंबईंतील चिनी देऊळ' असें म्हणतात, कांहीं थोडे 'चिनी कुलगृह' म्हणतात, आणि नव्या वर्षाच्या सणाच्या दिवशीं किती गर्दी असते तें सांगून परततात. रंग व धूप यांचें वर्णन करण्यांत आमचे बंधु कुशल आहेत. दारावरच्या नांवाचा अर्थ मात्र बहुधा कोणी विचारीत नाहीं, आणि सर्व वाद तर त्या नांवांतच मिटण्यासारखा आहे.

'सी' म्हणजे चार. 'यप' म्हणजे गांव, कसबा, किंवा आपल्या जुन्या कागदांच्या भाषेंत परगणा. 'कून' म्हणजे पाहुण्यांनीं उतरावयाचें, सभा भरवावयाचें घर. तेव्हां नांवाचा सरळ अर्थ 'चार परगण्यांचें घर' असा होतो. हे चार परगणे चीनच्या दक्षिणेस क्वांगतुंग प्रांतांत, मोती नदीच्या मुखाच्या पश्चिमेस आहेत. क्वांगतुंगी उच्चाराप्रमाणें त्यांचीं नांवें सुनवुई, तोइसान, होइपिंग व यानपिंग. एकोणिसाव्या शतकांत येथील लोक इतके देशोदेशीं गेले कीं, अमेरिकेंत, आस्ट्रेलियांत आणि मलायांत याच नांवाचीं घरें उभीं राहिलीं. माझगांवचें घर त्या मालिकेंतील एक मणी आहे.

नांवांत देव नाहीं व कुळही नाहीं. चीन देशांत कुळाचें घर म्हणून जें असतें तें एका आडनांवाच्या लोकांचें असतें. त्यांत पूर्वजांच्या नांवांच्या लांकडी पट्ट्या पिढीवार मांडलेल्या असतात, आणि वंशावळीची पोथी तेथें राखलेली असते. आपल्याकडील टांकांचा देव्हारा व भाटाची वंशावळ एकत्र केली तर त्याची कांहींशी कल्पना येईल. ज्याचें आडनांव निराळें त्यास तेथें अधिकार नाहीं. 'कून' या प्रकारांत आडनांव विचारीत नाहींत. कोणत्या परगण्याचा हें विचारतात. एकाचा आधार रक्त, दुसऱ्याचा आधार माती. हे दोन प्रकार एकच मानणें म्हणजे देशमुखाचा वाडा आणि परगण्याची चावडी यांस एक मानण्यासारखें आहे.

मग यास मराठी वाचकानें काय म्हणावें ? तुलना शोधण्यास समुद्रापार जाण्याचें कारण नाहीं. माझगांव व धोबीतलाव या भागांतच गोव्याच्या ख्रिस्ती लोकांच्या 'कूड' नांवाच्या संस्था आहेत. कोंकणींत कूड म्हणजे खोली. गोव्यांतील एकेका गांवाच्या लोकांनीं मुंबईंत अशा जागा घेतल्या, कारण बोटीवर काम करणाऱ्या खलाशास, आचाऱ्यास किंवा खानसाम्यास दोन सफरींच्या मधला काळ काढावयास ठिकाण पाहिजे असे. त्याची पेटी भिंतीशीं राही व तो समुद्रावर जाई. कुडीच्या एका बाजूस वेदी असते. तीवर गांवाच्या देवळांतील संताची मूर्ति असते, आणि संध्याकाळीं सर्वांनीं मिळून जपमाळेची प्रार्थना करावयाची हा नियम. वर्गणी, नियमांची पाटी, गांवच्या संताचा वार्षिक सण, आजारी पडलेल्याची सोय, मेलेल्याचें दफन, हा सर्व कुडीचा कारभार. आतां कोणी परका मनुष्य संध्याकाळीं येऊन, वेदी व मेणबत्त्या पाहून, कुडीस 'गोव्याच्या लोकांचें चर्च' म्हणूं लागला तर माझगांवचे लोक हंसतील. सी यप कूनास केवळ देऊळ म्हणणारांची चूक याच जातीची आहे.

हिंदु मराठी वाचकास याहून जवळचें उदाहरण हवें असेल तर गिरणगांवांतील 'गांवकऱ्यांची खोली' घ्यावी. रत्नागिरीकडच्या एका गांवचे पंधरा-वीस गडी एका खोलींत राहत; भिंतीवर ग्रामदेवतेची तसबीर, कोपऱ्यांत ट्रंका, पाळीपाळीनें झोप. तीस कोणी देऊळ म्हटलें नाहीं, आणि घराणें तर नाहींच नाहीं. पण होळीला व गणपतीला गांवीं पैसे कोणी किती पाठवावयाचे हें त्या खोलींत ठरे. माझगांवच्या चिनी घराचा मूळ उपयोग खलाशांसाठीं होता हें ध्यानांत घेतलें म्हणजे सी यप कून, कूड आणि गांवकऱ्यांची खोली या एकाच बंदरानें जन्मास घातलेल्या तीन बहिणी आहेत असें आमचें मत झालें आहे. मुंबईनें परक्या माणसास घर दिलें नाहीं. त्यानें तें आपल्या गांवाच्या नांवावर मिळविलें.

यास बळकटी देणारा पुरावा देवतेच्या निवडींत आहे. क्वान कुंग हा मूळचा ऐतिहासिक पुरुष, क्वान यू नांवाचा सेनापति. हान साम्राज्य मोडून चीनमध्यें तीन राज्यें झालीं त्या धामधुमींत तो इसवी सन २२० च्या सुमारास मारला गेला. तांबडा चेहरा, लांब दाढी, हातीं चंद्रकोरीच्या आकाराच्या पात्याचा भाला, या खुणांवरून त्याची मूर्ति ओळखतात. पुढें त्याची पदवी वाढत वाढत, मिंग सम्राट वान-ली याच्या कारकीर्दींत १६१४ सालीं, 'सम्राट' येथपर्यंत पोंचली. आपल्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याच्या कीर्तीचा पाया. लिऊ पेइ, क्वान यू व चांग फेइ या तिघांनीं, रक्ताचें नातें नसतां, शपथेनें भावाचें नातें जोडलें आणि तें मरेपर्यंत पाळलें. आडनांवें निराळीं असलेल्या, एका जहाजावर किंवा एका गोदींत भेटलेल्या माणसांस एकमेकांवर विश्वास टाकावयाचा तर साक्षीस असा देव योग्यच. कुलगृहांत पूर्वज पुरेसे असतात. शपथेच्या भावांचा देव मुख्य स्थानीं बसतो तो जेथें पूर्वज समाईक नसतात तेथें.

या देवाचा आपल्या देशाशीं एक दूरचा संबंध आहे तो येथेंच सांगतों. चिनी बौद्ध लोक क्वान यू यास विहाराचा रक्षक मानतात, आणि त्या पदाचें त्यांच्या भाषेंतील नांव संस्कृत 'संघाराम' या शब्दाचें अपभ्रष्ट रूप आहे. मुंबईच्या उत्तरेस कान्हेरीच्या डोंगरांत जो शब्द एके काळीं रोजच्या व्यवहाराचा होता, तोच रूप पालटून परदेशच्या वीराच्या माथीं बसला. या घरांत क्वान यिन हिचेंही पूजन होतें. ती म्हणजे आपला अवलोकितेश्वर. चीन देशांत कालांतरानें त्यास स्त्रीरूप आलें. औरंगाबादच्या सातव्या लेण्यांत अवलोकितेश्वर आठ महाभयांतून भक्तांस सोडवितांना कोरला आहे, आणि त्या आठांत फुटणाऱ्या जहाजाचें भय आहे. खलाशांनीं तिला घरांत जागा दिली यांत नवल नाहीं. तथापि या साम्यावरून 'चिनी लोक आमचाच धर्म आम्हांस परत द्यावयास आले' असा सूर काढण्याचा मोह टाळावा. ते बोटीवरचें काम करावयास आले.

आतां लिखाणाकडे वळूं, कारण आमच्या वाचकांचें खरें क्षेत्र तें. ठसा आम्हीं दर्शनास आलेल्या एका वृद्ध चिनी गृहस्थांस दाखविला. ते मुंबईंतच जन्मलेले. मराठी बाजारापुरती, पण स्वच्छ बोलत. त्यांनीं चष्मा सांवरून उजवीकडून वाचावयास आरंभ केला व थोड्या वेळानें म्हणाले, "साहेब, हें देवाचें नाहीं. वर्गणीचें आहे." पहिल्या उभ्या ओळींत दुरुस्तीच्या कामास पैसे देणारांचीं नांवें असा मथळा, व त्यापुढें माणसें, दुकानें आणि रकमा. सी यप कूनाचा उल्लेख कोठेंही नाहीं. डाव्या टोकाशीं पोंचल्यावर ते थबकले आणि त्यांनीं विचारलें, "पुढचें कोणी कापलें ?"

डावी कड करवतीनें सरळ कापलेली आहे हें आम्हीं सेवाग्रामासच पाहिलें होतें. पण पाटी मूळचीच तेवढी असावी असें समजून सोडून दिलें होतें. ही चूक आमची. चिनी लेख उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे जातो, आणि काल व करविणारांचीं नांवें अखेरीस म्हणजे डाव्या टोकास येतात. चौकटींत नीट बसावी म्हणून कोणी तरी चार बोटें लांकूड काढलें, आणि डावीकडे लेखाचा आरंभ असतो व आरंभीं बहुधा शोभेचें कांहीं असतें अशा समजुतीनें नेमका तोच भाग काढला. ताम्रपटाचें शेवटचें पत्र वितळवून कडी करावी तसें झालें. दात्यांचीं नांवें राहिलीं. केव्हां व कोठें हीं दोन्ही गेलीं.

कालाविषयीं अंतर्गत पुरावा थोडा आहे. कांहीं दात्यांपुढें त्यांचा परगणा 'सुनिंग' असा दिला आहे. सुनिंग हें तोइसानचें जुनें नांव; तें १९१४ सालीं बदललें. यावरून पाटी त्यापूर्वींची असा निष्कर्ष काढावयास हात शिवशिवतात. पण सरकारी रीतीनें गांवाचें नांव बदलल्यानें लोकांच्या तोंडचें नांव त्याच दिवशीं बदलत नाहीं. सेवाग्रामला त्यानंतरही शेगांव म्हणणारीं माणसें होतींच. तेव्हां हें अनुमान, प्रमाण नव्हे. कड शाबूत असती तर तेथें बहुधा साठ वर्षांच्या चक्रांतील वर्षाचें नांव मिळालें असतें. आपल्या प्रभवादि संवत्सरांप्रमाणेंच चिनी कालगणनेंत साठ वर्षांचें आवर्तन आहे. १९१९ सालीं आपल्याकडे शके १८४१, सिद्धार्थी संवत्सर लागला. त्यांच्याकडे तें 'ची-वेइ', मेंढराचें वर्ष. नुसत्या संवत्सरनामाच्या मोडी पत्राचा काल ठरवितांना जी अडचण येते, साठ वर्षें अलीकडे कीं पलीकडे, तीच तेथें येते. आणि राजाच्या कारकीर्दीचें किंवा चिनी प्रजासत्ताकाचें वर्ष जोडून दिलेलें असलें म्हणजे ती सुटते. आमच्या संग्राहकांपाशीं या जातीच्या कोड्यांचा जो सराव आहे तो येथें तसाच उपयोगीं पडणारा आहे.

वर्गणीची पाटी देवतेच्या पाटीपेक्षां हलकी असें कोणी समजूं नये. आमच्या मतें ती अधिक मोलाची. मुंबई इलाख्यांतील चिनी माणूस सरकारी कागदांत येतो तो बहुधा दुसऱ्याच्या हातानें लिहिलेला. महाबळेश्वरीं १८३४ पासून १८६४ पर्यंत चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग होता. तेथील बटाट्याच्या व भाजीपाल्याच्या लागवडींत त्यांचे श्रम आहेत, आणि एका धबधब्यास अजून चिनी माणसाचें नांव आहे. त्या माणसांचीं स्वतःचीं नांवें मात्र त्या धबधब्यास विचारून कळणार नाहींत. वर्गणीच्या पाटींत हा मनुष्य स्वतः बोलतो : मी अमुक, अमुक परगण्याचा, इतके दिले. महजरांत हाजीर मजालसीचीं नांवें व निशाण्या असतात, त्यांचें जें मोल तेंच याचें.

आणि हें मोल वाढण्यास एक दुःखद कारण आहे. १९६२ सालीं चीनशीं युद्ध झालें तेव्हां भारतांतील सुमारें तीन हजार चिनी वंशाच्या लोकांस राजस्थानांतील देवळी येथील छावणींत ठेविलें गेलें. त्यांतील बहुतेक आसाम व बंगालकडचे होते; परंतु भीति सर्वत्र पसरली, आणि मुंबईंतीलही पुष्कळ कुटुंबें त्यानंतर देश सोडून गेलीं. जातांना माणूस दागिने नेतो, भांडीं विकतो, आणि पाट्या, हिशेबाच्या वह्या, दुकानाचे फलक मागें टाकतो. जुन्या बाजारांत जें येतें त्याचा पुष्कळसा भाग असा आलेला असावा. सेवाग्रामच्या जपानी भिक्षूचा मंत्र तोंडपाठ होता म्हणून वांचला. लांकडाचें तसें नसतें.

चिनी वाचणारे मिळावयाचे कोठून, असा आक्षेप येईल. पुण्यांत पु. वि. बापट यांनीं चिनी भाषांतरांतच संपूर्ण उरलेल्या विमुत्तिमग्ग ग्रंथाची विसुद्धिमग्गाशीं तुलना करून १९३७ सालीं ती प्रसिद्ध केली. सहाव्या शतकांतील भाषांतरासाठीं जी विद्या मराठी पंडितानें कष्टानें मिळविली, ती विसाव्या शतकांतील माझगांवसाठीं जड जाण्याचें कारण नाहीं. कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यांत परदेशांतून आलेल्या लोकांनीं १००९ व १०२१ सालीं आपलीं नांवें पेहलवी लिपींत कोरून ठेविलीं. तीं वाचण्यासाठीं विद्वानांनीं केवढा खटाटोप केला! तेथें वाचण्यास नांवांपलीकडे फारसें कांहीं नाहीं, तरी तो लेख आपण इतिहासाचें साधन मानतों. माझगांवचीं नांवें अजून अशा माणसांच्या समोर टांगलेलीं आहेत ज्यांस तीं आपलीं वाटतात, आणि त्यांच्यापैकीं वाचणारे म्हातारे होत चालले आहेत. परवानगी मागून ठसे व छायाचित्रें घ्यावीं, आणि उजवीकडून डावीकडे ओळींस क्रमांक देऊन वाचन लिहून घ्यावें. वस्तु जागेवर राहूं द्यावी. संग्राहकांनीं याबाबत रागावूं नये. जी पाटी आधींच सुटली आहे ती त्यांनीं खुशाल जपावी, फक्त चौकटीसाठीं करवत लावूं नये.

वृद्ध गृहस्थांनीं ठशावरील नांवें एकेक करून सांगितलीं व आम्हीं तीं देवनागरींत उतरून घेतलीं. एका दुकानाच्या नांवापाशीं ते म्हणाले कीं याच नांवाचें दुकान त्यांच्या लहानपणीं ठाऊक होतें. पण तेंच हें, असें म्हणावयास ते तयार झाले नाहींत. इतकी सावधगिरी आम्हांस छापील लेखांत क्वचित् आढळते. पाटी आपली म्हणून ते मागतील अशी धास्ती आमच्या स्नेह्यांस होती. त्यांनीं वाचनाची एक प्रत तेवढी मागितली, व ती आम्हीं दिली.

सेवाग्रामास परत आल्यावर आमच्या स्नेह्यांनीं जुनी चिठ्ठी काढली नाहीं. तीही वस्तूच्या इतिहासाचा भाग आहे म्हणून तशीच ठेविली. तिच्याखालीं आतां दुसरी आहे : 'दुरुस्तीच्या वर्गणीची यादी. दात्यांत सुनिंग परगण्याचे लोक. घर कोणतें तें ठरलें नाहीं. डावी कड कापलेली, काल गेला.'